सूज उतरली म्हणजे आजार गेला का? ‘त्सशिए’ या चिनी पाणवनस्पतीच्या निमित्ताने



पायावर सूज आली की रुग्णाची मागणी बहुधा एकच असते, "डॉक्टर, पाणी उतरायची गोळी द्या." मागणीत चूक काही नाही. सूज म्हणजे साचलेले पाणी आणि ते बाहेर पडण्याची वाट म्हणजे लघवी, हे माणसाला फार पूर्वीच कळले होते. त्यामुळे बहुतेक जुन्या वैद्यक परंपरांमध्ये लघवी वाढवणाऱ्या, म्हणजे मूत्रल, वनस्पती सापडतात. आपल्या आयुर्वेदात पुनर्नवा आणि गोखरू आहेत. चिनी वैद्यकात त्याच कामासाठी जी एक वनस्पती वापरली जाते, तिचे नाव ‘त्सशिए’.

ही वनस्पती आज तुमच्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक म्हणजे ऑनलाइन मिळणारे वजन उतरवण्याचे चहा आणि ‘किडनी टॉनिक’च्या गोळ्या. दुसरी वाट म्हणजे सिंगापूरला किंवा हाँगकाँगला राहणारी मुले-सुना, ज्या आई-बाबांसाठी प्रेमाने पाकीट घेऊन येतात. त्या पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ‘अलिस्मा’ असे लिहिलेले असेल, तर तीच ही वनस्पती. घ्यावी की नाही, हा प्रश्न मला विचारला जातो. त्याचे उत्तर "चांगली" किंवा "वाईट" अशा एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

ही वनस्पती आहे तरी कशी?

अलिस्मा ही दलदलीत, तळ्याच्या काठाला, उथळ पाण्यात वाढते. पाने लांब देठाची, रुंद चमच्यासारखी असतात. मधून उंच दांडा येतो आणि त्यावर तीन पाकळ्यांची लहान पांढरी फुले लागतात. युरोप आणि आशियाच्या थंड भागांत तिच्या जाती रानोमाळ आढळतात. आपल्या देशात काश्मीरमध्ये ती दिसते. महाराष्ट्रात मात्र ती घराघरात ओळखली जाणारी वनस्पती नाही.

चीनमध्ये फूच्येन आणि सिच्वान या प्रांतांत तिची शेती होते, तीही चक्क भातखाचरात. भात निघाले की त्याच चिखलात तिची रोपे लावतात. हिवाळ्यात पाने वाळली की जमिनीतला गोल गड्डा खणून काढतात, मुळ्या आणि खरबरीत साल काढून टाकतात आणि वाळवून त्याच्या चकत्या करतात. ही चकती म्हणजेच औषध. चिनी सरकारच्या औषधकोशात तिची रोजची मात्रा काढ्यासाठी ६ ते १० ग्रॅम दिलेली आहे.

नावातच तिचे काम सांगितले आहे. ‘त्स’ म्हणजे दलदल, पाणथळ जागा आणि ‘शिए’ म्हणजे निचरा करणे. दलदलीत उभे राहून वाढणारी वनस्पती शरीरातल्या दलदलीचाही निचरा करील, असा त्यामागचा विचार.

जुन्या ग्रंथांत काय आहे?

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘शेननोंग बनत्साओ चिंग’ या औषधिग्रंथात त्सशिएला वरच्या वर्गात जागा दिली आहे. तिथे तिचे गुण सांगताना ग्रंथकार पार पुढे जातो. दीर्घकाळ घेतल्यास कान-डोळे तीक्ष्ण होतात, भूक जाणवत नाही, शरीर हलके होते आणि माणूस पाण्यावरून चालू शकतो, असाही दावा आहे. हा दावा मी मुद्दाम सांगतो आहे. जुन्या ग्रंथात खरे निरीक्षण आणि कल्पनाविलास एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले असतात. "ग्रंथात लिहिले आहे" एवढ्यावर औषध घ्यायचे ठरवले, तर पाण्यावरून चालण्याची तयारीही ठेवावी लागेल.

पण त्याच परंपरेत बारकाईने केलेले कामही आहे. इसवी सन २०० च्या सुमारास चांग चोंगचिंग या वैद्याने ‘वू लिंग सान’ हे पाच घटकांचे चूर्ण सांगितले. त्यात त्सशिए, दोन प्रकारची बुरशी, पाइ-चू नावाची एक मुळी आणि दालचिनीच्या जातीचे लाकूड किंवा साल असते. लघवी कमी होणे, तहान लागणे पण प्यायलेले पाणी उलटून पडणे, अशा अवस्थेत ते द्यायचे. चक्कर येण्यावर त्याने त्सशिए आणि पाइ-चू या दोनच घटकांचा काढा सांगितला. शरीरात साचलेले पाणी वर चढून डोके गरगरवते, ही त्याची कल्पना. आज कानाच्या आतल्या द्रवाचा दाब वाढून येणाऱ्या चक्करेला आम्ही मेनिएर रोग म्हणतो. त्या रुग्णाला आम्हीही मीठ कमी करायला सांगतो आणि कधी कधी लघवीची गोळी देतो. विचारांची ही जवळीक मला गमतीची वाटते. मात्र त्या गोळीचा मेनिएरमध्ये किती उपयोग होतो याचा पुरावा आमच्याकडेही भक्कम नाही, हेही सांगितले पाहिजे.

वू लिंग सानचेच जपानी रूप ‘गोरेइसान’. जपानमध्ये १९७६ पासून अशी पारंपरिक औषधे मोठ्या संख्येने सरकारी आरोग्यविम्यात आली आणि तिथले एम.डी. डॉक्टरच ती लिहून देतात. हृदय निकामी होऊन सूज आलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांसोबत गोरेइसान दिल्यास फायदा होतो का, हे पाहण्यासाठी तिथे मोठी चाचणी हाती घेतली गेली. जुन्या औषधाला असे प्रश्न विचारावे लागतात. कोणत्या रुग्णाला, किती, कशासोबत आणि किती दिवस, हे ठरल्याशिवाय औषधाचे उत्तर मिळत नाही.

‘किडनी टॉनिक’ मधली किडनी कोणती?

त्सशिए असलेले सर्वांत प्रसिद्ध औषध म्हणजे ‘लिउ वेइ ती हुआंग वान’, सहा घटकांची गोळी. इंटरनेटवर ती ‘मूत्रपिंड बळकट करणारी’ म्हणून विकली जाते. तिचा इतिहास पाहा. सोंग राजवटीच्या काळात छ्यान यी हा लहान मुलांचा वैद्य होऊन गेला. १११९ सालच्या ग्रंथात त्याचे हे औषध आले आहे आणि ते होते वाढ खुंटलेल्या लहान मुलांसाठी.

मग वाढ न होणारे मूल आणि मूत्रपिंड यांचा संबंध काय? संबंध असा, की चिनी वैद्यकात ‘षन’ हा जो शब्द मूत्रपिंडासाठी वापरतात, त्याचा अर्थ कंबरेच्या वर पाठीमागे असलेले दोन अवयव एवढाच नाही. वाढ, हाडे, ऐकू येणे, केस, प्रजननशक्ती हे सारे त्या शब्दात येते. आपल्याकडे ‘वात’ या शब्दाचे असेच होते. आयुर्वेदातला वात ही फार व्यापक कल्पना आहे आणि पोटातला गॅस ही वेगळी गोष्ट. पण "मला वाताचा त्रास आहे" म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा दोन्हींची खिचडी झालेली असते.

म्हणून ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे त्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. पाकिटावरची ‘किडनी’ आणि तुमच्या रक्ताच्या रिपोर्टातली ‘किडनी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘षन’ बळकट करणारी गोळी घेऊन क्रिएटिनिन खाली येईल असे कोणत्याही चिनी ग्रंथाने सांगितलेले नाही. क्रिएटिनिन ही गोष्टच त्यांना माहीत नव्हती.

प्रयोगशाळेत काय आढळले?

१९६० च्या दशकाच्या शेवटी जपानी संशोधकांनी या गड्ड्यातून ‘अलिसॉल’ नावाची द्रव्ये वेगळी केली. उंदरांमध्ये त्यांनी कोलेस्टेरॉल कमी झाले. पुढे लघवीवरचा परिणामही प्राण्यांमध्ये तपासला गेला आणि तिथे एक विचार करायला लावणारी गोष्ट दिसली. अर्काच्या कमी मात्रेने उंदरांची लघवी वाढली, तर जास्त मात्रेने उलट कमी झाली.

याचा घरगुती अर्थ काय? "थोडे घेतले तर थोडा फायदा, जास्त घेतले तर जास्त फायदा" हा हिशेब इथे चालत नाही. काढा घरी उकळताना चकत्या किती, पाणी किती, आटवले किती, यावर मात्रा बदलते. त्यात उंदरांत दिसलेला परिणाम माणसात तसाच दिसेल याची खात्री नसते. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी बंद करून त्सशिएचा चहा सुरू करावा, इतका पुरावा आज तरी नाही.

सूज हे लक्षण आहे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा त्सशिएने लघवी खरोखर वाढते. तरीही माझा आक्षेप राहतो आणि तो आमच्या लघवीच्या गोळीलाही तितकाच लागू आहे. कारण न शोधता सूज उतरवू नका.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषून घेऊन केवळ दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. या हिशेबात थोडी गडबड झाली तरी शरीरात मीठ आणि पाणी साचते. पण गडबड होण्याची कारणे अनेक आहेत:

• हृदय कमजोर झाले तर दोन्ही पायांना सूज येते आणि झोपल्यावर दम लागतो.
• मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागली तर सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते आणि लघवीला फेस येतो.
• यकृत खराब झाले तर पोटात पाणी होते.
• थायरॉइड कमी असेल तर चेहरा आणि पाय सुजल्यासारखे दिसतात.
• एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणे असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. इथे एक दिवसही थांबू नये.
• हत्तीरोगात लसीकावाहिन्या बंद पडतात. ती सूज लघवी वाढवून जात नाही.
• औषधांमुळेही सूज येते. बी.पी.ची अम्लोडिपिन, मधुमेहाची पायोग्लिटाझोन आणि सांधेदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या ही नेहमीची उदाहरणे.

यातले अम्लोडिपिनचे उदाहरण फार बोलके आहे. या गोळीने घोट्याजवळ येणारी सूज ही शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे नसते. बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्याने पाणी ऊतींत झिरपते. तिच्यावर लघवी वाढवणारे काहीही दिले, चिनी असो, देशी असो की विलायती, सूज फारशी हटत नाही, पण शरीर मात्र कोरडे पडते. उपाय साधा असतो. डॉक्टरांना सांगून गोळी किंवा तिची मात्रा बदलून घ्यायची.

उलट बाजूही आहे. प्रथिने गळण्याच्या आजारात काढ्याने सूज थोडी उतरली, तर रुग्ण खूश होतो आणि तपासणी पुढे ढकलतो. मूत्रपिंडाचे नुकसान आत चालूच राहते. सूज हा दारावरचा पहारेकरी आहे. त्याची बोलती बंद करून चोर पळत नाही.

वजनाच्या चहाबद्दल

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. लघवी वाढवणाऱ्या कोणत्याही चहाने दोन दिवसांत एक-दीड किलो वजन उतरू शकते आणि पुढच्या दोन दिवसांत ते परत येते. चरबीचा एक कणही त्यात हललेला नसतो. त्सशिए, कमळाचे पान वगैरे घातलेले चहा ‘झटपट स्लिम’ म्हणून विकले जातात, त्यांची जादू बहुधा इतकीच असते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या उत्पादनांत सिब्युट्रामिन हे रासायनिक औषध लपवून घातलेले अनेकदा पकडले गेले आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये ते अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून काढले गेले. पाकिटावर अर्थातच त्याचे नाव नसते.

ब्रुसेल्समध्ये काय घडले?

"वनस्पती आहे, अपाय काय होणार?" असे म्हणणाऱ्यांसाठी एक खरी घटना सांगतो. १९९० च्या सुमारास बेल्जियममधल्या ब्रुसेल्स शहरात वजन कमी करण्याच्या उपचारात चिनी वनस्पतींची कॅप्सूल दिली जाऊ लागली. थोड्याच काळात बऱ्यापैकी तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होताना दिसू लागली. १९९३ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हे वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली.

कारण निघाले नावाचा घोटाळा. कॅप्सूलमध्ये ‘हान फांगची’ ही मुळी हवी होती. तिच्याऐवजी ‘क्वांग फांगची’ आली. नावे सारखी, वनस्पती वेगळी. दुसरीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल हे विष होते. ते मूत्रपिंड तर नासवतेच, शिवाय मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवते. ज्यांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली होती अशा ३९ रुग्णांची मूत्रपिंडे आणि मूत्रनलिका काढून तपासल्या, तेव्हा १८ जणांमध्ये कर्करोग आढळला.

खुद्द चीनमध्येही असेच झाले. ‘लोंगतान श्येकान’ नावाच्या जुन्या मिश्रणात दहा घटक असतात, त्यातला एक आपला त्सशिए. दुसरा घटक ‘मुथोंग’. मूळच्या निरुपद्रवी मुथोंगच्या जागी ‘क्वान मुथोंग’ ही अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली वेल वापरली जाऊ लागली आणि हे औषध घेणाऱ्यांची मूत्रपिंडे गेली. २००३ मध्ये चीन सरकारने क्वान मुथोंगचा वापर बंद केला. या सगळ्यात त्सशिएचा दोष काडीचाही नव्हता. पण ज्या गोळीत तो होता, तीच गोळी घातक ठरली. आपण गिळतो ती संपूर्ण गोळी. त्यातला एक घटक चांगला आहे एवढ्याने भागत नाही.

आणि हे फक्त चीनचे दुखणे समजू नका. अ‍ॅरिस्टोलोकियाची एक जात, ईश्वरी किंवा सापसंद, आपल्या रानात उगवते आणि लोकौषधांत वापरली जात आली आहे. पुनर्नवेच्या नावाखालीही आपल्या बाजारात दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. नावाचा घोटाळा आपल्या दारातही उभा आहे.

माझे मत

जुन्या औषधांची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. आर्टेमिसिनिन हे मलेरियाचे औषध थू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी जुन्या ग्रंथातला धागा पकडून शोधले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांनी ग्रंथ वाचून थेट काढा वाटला नाही. त्यांनी द्रव्य वेगळे काढले, आधी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर ते सुरक्षित आहे का हे पाहिले, मग रुग्णांवर परिणाम तपासला. परंपरेचा आदर करण्याची ही रीत मला पटते.

त्सशिएही अशा तपासणीला पात्र आहे. ती पूर्ण होईपर्यंत, जाणकार चिनी वैद्याने नाडी-जीभ पाहून, नोंदणीकृत ठिकाणाहून दिलेला काढा आणि इंटरनेटवरून मागवलेली अनोळखी गोळी यांत मी फरक करीन. पहिल्याशी माझी चर्चा होऊ शकते. दुसरीला माझा स्पष्ट नकार आहे.

तुम्ही काय करावे?

१. नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबा. खळगा राहिला तर ती खरी सूज आहे. डॉक्टरांना दाखवा.

२. लघवीतले प्रथिन, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि गरजेप्रमाणे ई.सी.जी., इको या तपासण्या आधी करा. उपचार त्यानंतर.

३. क्रिएटिनिन वाढलेले असेल, गर्भार असाल, स्तनपान करत असाल किंवा मूल लहान असेल, तर कोणताही मूत्रल काढा स्वतःहून देऊ-घेऊ नका.

४. लघवीची गोळी, डिजॉक्सिन किंवा लिथियम चालू असेल तर विशेष जपा. पाणी आणि क्षार कमी-जास्त झाले की ही औषधे विषारी ठरू शकतात. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांत पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो आणि वनस्पतींच्या काढ्यांत पोटॅशियम असतेच.

५. जेवणातले मीठ कमी करा. लोणचे, पापड, फरसाण, बेकरीचे पदार्थ आवरते घ्या. सूज उतरवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो बऱ्याच रुग्णांनी नीट करून पाहिलेलाच नसतो.

६. जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका. "डॉक्टर रागावतील" म्हणून लपवलेला काढा आम्हाला रिपोर्टात दिसत नाही, पण त्याचा परिणाम दिसतो आणि मग कारण शोधण्यात मोलाचे दिवस जातात.

शेवटचा मुद्दा डॉक्टरांसाठीही आहे. रुग्णाने काढ्याचे नाव घेतल्यावर आपण कपाळाला आठी घातली, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी आठी घातली तरी तुम्ही सांगा. मूत्रपिंडे तुमची आहेत.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)